दुनळीच्या तापलेल्या नळ्या आणि डावा हात

वाचक विचारतात

प्रश्न: नमस्कार. वडिलांची बाराबोअरची दुनळी रीतसर वारसाने माझ्या लायसनवर आली. जुनी साइड बाय साइड आहे, म्हणजे नळ्या शेजारी शेजारी, दोन ट्रिगर, पुढचं लाकूड अगदी बारीक. शिकारीचा प्रश्नच नाही, पण बंदूक नुसती कपाटात पडून राहू नये म्हणून मी आणि एक मित्र रेंजवर क्ले पिजन, म्हणजे हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्या, मारायला जायला लागलो. पहिला राउंड मजेत जातो. दुसऱ्याच्या मध्यावर डाव्या हाताच्या बोटांना असे चटके बसायला लागतात की क्लेकडे लक्षच राहत नाही. हात मागे लाकडावर घेतला तर नेम बिघडतो. मित्र म्हणतो सवय होईल, रेंजवरचे एक काका म्हणाले ओलं फडकं गुंडाळ, जिमचे ग्लोव्हज घालून पाहिले तर बोटं तशीच भाजतात. नक्की काय करायचं?
एक वाचक, कोथरूड

उत्तर: सवय होणार नाही, आणि व्हायची वाटही बघू नका. पोलाद साठ अंशांच्या पुढे गेलं की काही सेकंदांच्या स्पर्शात कातडी भाजते, तिथे हात कितीही राकट असला तरी फरक पडत नाही. तुमची धरायची पद्धत चुकतेय असंही समजू नका. तुमचा हात जिथे जातोय तिथेच तो जायला हवा, फक्त त्या जागी नळीवर काहीतरी असायला हवं, ते तुमच्या बंदुकीवर नाहीये एवढंच.

ते बारीक लाकूड आहे ना, ज्याला दुकानदार स्प्लिंटर फोरएंड म्हणतात, ते मुळात हात ठेवायला केलेलंच नाही. त्याचं काम नळ्या ॲक्शनला, म्हणजे मागच्या यंत्रणेच्या भागाला, घट्ट धरून ठेवणं, आणि बंदूक इजेक्टरवाली, म्हणजे उडालेली काडतुसं आपोआप बाहेर फेकणारी, असेल तर बहुतेक वेळा त्याची यंत्रणा पोटात सांभाळणं. इंग्लंडमधल्या ज्या पद्धतीच्या नेमबाजीसाठी ही बंदूक घडली तिच्यात डावा हात लाकडाच्या पुढे, सरळ नळ्यांवर असतो, हात जवळजवळ लांब केलेला, म्हणजे नळ्या लक्ष्याकडे वळतात त्या हाताच्या इशाऱ्याने वळतात. हात मागे घेतलात की तीच बंदूक पुढून जड लागते, फिरवताना मध्येच अडखळते आणि क्लेच्या मागे बार जातो. तुमचा नेम बिघडतो तो याचमुळे. तेव्हा चटका टाळायला हात मागे घेणं हा उपाय नव्हेच.

आता नळी इतकी तापते कशाने, ते एकदा नीट समजून घ्या, म्हणजे पुढचे उपाय आपोआप पटतील. बाराबोअरच्या एका काडतुसात साधारण दीड ग्रॅमच्या आसपास दारू असते आणि ती जळताना दोन हजार अंशांच्या वर तापमान जातं, अगदी क्षणभरच, पण जातं. त्यातून निघणारी ऊर्जा ढोबळमानाने सहा हजार ज्यूलच्या घरात धरा. २८ ग्रॅम छर्रे सेकंदाला ४०० मीटरने सुटले तर त्यांच्या वाट्याला येतात २२४० ज्यूल. उरलेल्यातला बराच भाग गरम वायूबरोबर तोंडातून बाहेर जातो, आणि जो नळीच्या भिंतीत शिरतो तो एकूण ऊर्जेच्या एक चतुर्थांश जरी धरला तरी दीड हजार ज्यूल झाले. दोन्ही नळ्या मिळून पोलाद दीड किलोच्या आतच असतं, म्हणजे एका बारामागे नळ्या सरासरी दोन अंशांच्या आसपास तापतात. ऐकायला काहीच नाही वाटत. पण पंचवीस क्लेचा एक राउंड झाला की पन्नास अंश, त्यातले निम्मे वाऱ्यावर गेले असं धरलं तरी पंचवीस उरले, आणि एप्रिलमध्ये पुण्यात सावलीतच पारा ३८-४० ला टेकलेला असतो, वर काळी निळसर नळी उन्हात धरलेली. पहिल्या राउंडच्या शेवटीच तुम्ही साठीच्या आसपास पोचता आणि दुसऱ्याच्या मध्यावर साठी चांगलीच ओलांडता. तुम्ही जे लिहिलंय ते या हिशेबाशी अगदी जुळतं.

ही झाली सरासरी. प्रत्यक्षात उष्णता सगळीकडे सारखी बसत नाही. चेंबरपाशी, म्हणजे काडतूस बसतं तिथे, भिंत चांगली जाड असते, तिथे तापायला वेळ लागतो, शिवाय तिथे तुमचा हात नसतोच. पुढे ती पातळ होत जाते, चांगल्या हलक्या दुनळीत मिलिमीटरच्या आसपास येते, आणि तुमचा तळवा नेमका त्या पातळ होत जाणाऱ्या भागावर. अजून एक. तुमच्या बंदुकीला दोन ट्रिगर आहेत, पुढचा ट्रिगर बहुतेक दुनळींत उजवी नळी उडवतो. एकेरी क्ले मारणारा माणूस पुढचाच ट्रिगर ओढत राहतो, दुसरा बार फक्त पहिला चुकला तर. मग उजवी नळी डावीपेक्षा कितीतरी जास्त तापते. डाव्या हाताची पकड डोळ्यासमोर आणा: तळवा खालून, अंगठा डाव्या नळीच्या कडेने, आणि बाकीची चार बोटं वळून उजव्या नळीवर. म्हणून तुमची बोटं भाजतात आणि अंगठा वाचतो. आणि म्हणूनच जिमचे ग्लोव्हज कामाचे नाहीत, त्यात बोटांची टोकं उघडी असतात, म्हणजे जिथे चटका बसतो तीच जागा उघडी राहते.

यावर दुनळीवाल्यांनी फार पूर्वीच शोधलेला उपाय म्हणजे हँडगार्ड. इंग्लंडमध्ये हाकारे घालून पक्षी उठवायचे आणि रांगेत उभं राहून धडाधड बार काढायचे, तिथे नळ्या धरवेनाशा व्हायच्या, त्या जगातली ही वस्तू. आत स्प्रिंग स्टीलचा पातळ पत्रा, त्यावर चामडं शिवलेलं, चारेक-पाच इंच लांब, आकार वरून उघड्या पन्हळीसारखा. तोंडाकडून नळ्यांवर चढवायचा आणि मागे सरकवत लाकडाच्या टोकाला टेकेपर्यंत आणायचा. पत्र्याच्या स्प्रिंगमुळे तो नळ्यांना दोन्ही बाजूंनी चिमटून बसतो. वरची बाजू उघडी असल्यामुळे रिबवरून, म्हणजे दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीवरून, नजर सरळ माशीपर्यंत, म्हणजे तोंडापाशी नेमासाठी असलेल्या मण्यापर्यंत जाते, मध्ये काही येत नाही. चामड्यामुळे चटका जातो, पकड घट्ट होते, आणि घामाचं मीठ नळीच्या ब्लूइंगला, म्हणजे तिच्यावरच्या काळ्या-निळसर थराला, लागत नाही, हा तिसरा फायदा पुण्यापेक्षा कोकणातल्या वाचकांना जास्त मोलाचा वाटेल.

विकत घेताना बोअर सांगून घ्या, बाराचा वेगळा, सोळाचा वेगळा, वीसचा वेगळा. तरीही दोन बाराबोअरच्या नळ्यांची जाडी हुबेहूब सारखी नसते, म्हणून सैल निघाला तर ठेवून घेऊ नका, परत करा. कारण बार उडाला की बंदूक झटक्याने मागे येते आणि सैल गार्ड जागच्या जागी राहायला बघतो, म्हणजे नळीवर थोडा थोडा पुढे सरकतो. त्याच्याबरोबर तुमचा हातही नकळत पुढे जातो. तपासायला एक सोपी युक्ती करा. गार्ड जागेवर बसवून त्याच्या पुढच्या कडेला नळीवर खडूची बारीक रेघ मारा, दहा-बारा बार काढा, बंदूक मोडून, म्हणजे बिजागरीवर उघडून, रिकामी करा आणि रेघ बघा. गार्ड रेघेला चिकटून असेल तर ठीक, दोन बोटं पुढे गेलेला असेल तर तो तुमच्या नळ्यांचा नाही.

चढवायची पद्धतही सांगतो, कारण इथे लोक घाई करतात. आधी दोन्ही चेंबर रिकामे आहेत हे डोळ्यांनी बघा आणि बोट घालून बघा. मग पुढचं लाकूड काढून नळ्या ॲक्शनपासून सोडवा, म्हणजे हातात नुसत्या नळ्या राहतील आणि तोंडाशी हात नेताना मनात धाकधूक नको. नळ्या कोरड्या मऊ कापडाने पुसून घ्या. गार्डच्या आतला भागही पुसा, आत वाळूचा एक कण जरी अडकलेला असला तरी तो सरकताना तोंडापासून लाकडापर्यंत ब्लूइंगवर एक लांब ओरखडा पाडतो आणि तो जात नाही. गार्डची तोंडं बोटांनी किंचित फाकवून धरा, माशीला घासू देऊ नका, जुन्या बंदुकींवरची पितळी माशी नुसती स्क्रूवर असते, धक्क्याने निघून येते. मग हळूहळू मागे.

आपल्याकडे हँडगार्ड सहज मिळत नाही हे खरं आहे. मिळाला नाही तर करून घ्या, पुण्यात चामड्याचं आणि पत्र्याचं काम करणारे कारागीर कमी नाहीत. पण बंदूक घेऊन त्यांच्याकडे जाऊ नका. लायसनची बंदूक अशी दुसऱ्याच्या हातात देता येत नाही, ती कुठल्याही कारागिराच्या टेबलावर सोडून येण्याची वस्तू नाही. घरी जाड कागदाची पट्टी घ्या, लाकडाच्या टोकापासून दोन इंच पुढे एका नळीच्या वरच्या कडेपासून खालून फिरवून दुसऱ्या नळीच्या वरच्या कडेपर्यंत आणा, पेन्सिलने खूण करा. तसंच माप पाच इंच पुढे परत घ्या, नळ्या निमुळत्या होत जातात त्यामुळे दुसरं माप थोडं कमी येईल, ते तसंच लिहून द्या. दोन नळ्यांची एकत्र रुंदी व्हर्नियरने मोजा. या आकड्यांवर चांगला कारागीर पत्र्याचा साचा करून देतो, माप थोडं आवळूनच करायला सांगा, नंतर फाकवता येतं, सैल झालेलं आवळणं कठीण. चामडं दीड-दोन मिलिमीटरचं पुरतं. खूप जाड घेतलंत तर पकड फुगते आणि बोटांना नळीची जाणीवच राहत नाही, आणि दुनळी मारताना ती जाणीव फार महत्त्वाची असते.

गार्ड हातात येईपर्यंत ग्लोव्ह. डाव्याच हाताला, पूर्ण बोटांचा, मऊ पातळ चामड्याचा, शेळीच्या कातड्याचा मिळाला तर उत्तम. उजवा हात उघडाच ठेवा, ट्रिगरवर बोटाला स्पर्श कळलाच पाहिजे. सुती हातमोजे नकोत, घामाने भिजले की घसरतात. आणि डाव्या हातात अंगठी असेल तर ती काढून ठेवा, धातूची अंगठी तापलेल्या नळीला टेकली की ती उष्णता बोटाभोवती सगळीकडून पसरते आणि ग्लोव्हच्या आत तर लगेच काढताही येत नाही.

ओल्या फडक्याचा सल्ला मात्र कृपा करून ऐकू नका, त्या काकांनी चांगल्या मनाने सांगितला असेल तरी नाही. साइड बाय साइडच्या वरच्या आणि खालच्या रिब नळ्यांना मऊ सोल्डरने म्हणजे कथलाच्या डाखेने जोडलेल्या असतात. जुन्या बंदुकीत त्या जोडात कुठे ना कुठे केसभर फट असते. ओल्या फडक्याचं पाणी त्या फटीतून दोन नळ्यांच्या मधल्या पोकळीत उतरतं आणि तिथून बाहेर येत नाही. गंज आतून धरतो, दिसत नाही, आणि दिसतो तेव्हा रिब सुटायला लागलेली असते. नळी भसकन थंड केल्याने ती तडकते वगैरे जे सांगतात तसं या तापमानाला काही होत नाही, भीती पाण्याची आहे. कोरडं फडकं गुंडाळणंही नको, ते झटक्याने सरकतं आणि नजरेच्या आड येतं. इन्सुलेशन टेप लावली तर तिचा डिंक गरम नळीवर वितळून राहतो, तो काढताना ब्लूइंगची वाट लागते.

उष्णता मुळात कमी करायच्याही गोष्टी आहेत आणि त्या फुकट आहेत. २४ ग्रॅमची काडतुसं वापरा, ऑलिम्पिकच्या ट्रॅप-स्कीट या क्ले मारायच्या स्पर्धांमध्ये तीच कमाल मर्यादा आहे, तेवढ्यात क्ले फुटतो, खांद्यालाही बरं आणि नळीलाही. एकेरी क्लेवर कधी पुढचा तर कधी मागचा ट्रिगर आधी ओढा, डावी नळी सहसा जास्त घट्ट चोकची, म्हणजे तोंडाशी जास्त अरुंद असते त्यामुळे जवळच्या क्लेला थोडं कठीण जाईल, पण उष्णता दोन नळ्यांत वाटली जाते आणि तुमचा हातही सुधारतो. तुमची पाळी नसताना बंदूक मोडून, रिकामी, सावलीत ठेवा. मोडलेल्या बंदुकीच्या नळ्यांतून दोन्ही बाजूंनी हवा खेळते, बंद बंदुकीत ती कोंडलेली राहते, आणि रेंजवरच्या सगळ्यांना लांबूनच दिसतं की बंदूक रिकामी आहे. दोन राउंडच्या मध्ये गप्पा मारा, चहा घ्या, पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या. शक्य असेल तर उन्हाळ्यात सकाळी लवकर जा.

कोणी म्हणेल बारीक लाकूड काढून रुंद बीव्हरटेल फोरएंड बसवून घ्या, त्यात नळ्या दोन्ही बाजूंनी लाकडात झाकल्या जातात. चालतं, खूप बार काढणाऱ्यांसाठी चांगलंही आहे. पण वडिलांची बंदूक आहे, तिचं मूळ लाकूड बदलायच्या मी विरोधात आहे. पुढे वजन वाढतं, तोल बदलतो, आणि लाकूड ॲक्शनला नीट बसवणं हे फर्निचरवाल्याचं काम नव्हे. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदुकीची दुरुस्ती आणि फेरफार करायलाही वेगळं लायसन लागतं, तेव्हा करायचंच असेल तर लायसनधारक गनस्मिथकडूनच, आणि जुनं लाकूड जपून ठेवून.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत पण जुन्या दुनळीचं नाव काढलंत म्हणून सांगणं भाग आहे. चेंबरची लांबी बघितली आहे का? जुन्या बऱ्याच बंदुकींचे चेंबर ६५ मिलिमीटरचे असतात आणि आता बाजारात ७० मिलिमीटरची काडतुसंही सर्रास असतात. लांब काडतूस आखूड चेंबरमध्ये बसतं, बंदूक बंदही होते, म्हणून फसायला होतं. पण बार उडताना त्याचं तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. आपल्या शेजारी खडकीच्या कारखान्यात बाराबोअरची काडतुसं बनतात, खोक्यावर लांबी छापलेली असते, ती वाचा. आणि नळ्यांवर पट्ट्यापट्ट्यांची किंवा वेलबुट्टीसारखी नक्षी दिसत असेल तर त्या लोखंड-पोलादाच्या पट्ट्या वळून केलेल्या, काळ्या दारूच्या जमान्यातल्या नळ्या आहेत, गनस्मिथने मापून सांगितल्याशिवाय त्यातून आजचं एकही काडतूस उडवू नका.

आणि शेवटी, भाजण्यातला खरा धोका फोड येण्याचा नाहीच. बोटाला अचानक चटका बसला की हात आपोआप सुटतो, बंदूक पुढून खाली पडते किंवा बाजूला फिरते, आणि त्या वेळी दुसऱ्या नळीत काडतूस असू शकतं. तुमच्या शेजारी माणूस उभा असतो. हात तापायला लागला असं वाटलं की राउंड तिथेच थांबवा, नळ्या मैदानाकडे ठेवूनच बंदूक मोडा, काडतुसं काढा. राहिलेले क्ले नंतर मारता येतात.

प्रश्न: माझी मुलगी अकरावीत आहे, गेल्या वर्षापासून ट्रॅप शिकतेय. तिची बंदूक वर-खाली नळ्यांची आहे. प्रॅक्टिस करून आली की डाव्या हाताची बोटं लाल असतात. तिलाही हँडगार्ड घ्यावा का?
एक आई, सहकारनगर

उत्तर: ताई, तिला हँडगार्ड नको, तो तिच्या बंदुकीवर बसणारही नाही. वर-खाली म्हणजे ओव्हर-अंडर बंदुकीत पुढचं लाकूड मोठं असतं, खालच्या नळीला दोन्ही बाजूंनी कवेत घेतं, आणि हात पूर्ण लाकडावर राहतो. स्पर्धेत पात्रता फेरीला १२५ क्ले असतात, पंचवीसचे पाच राउंड, तेवढे बार साध्या बारीक लाकडाच्या दुनळीवर काढायचे म्हटलं तर हात राहणारच नाही, म्हणून स्पर्धेचं जग या बंदुकींकडे वळलं त्याला हेही एक कारण धरायला हरकत नाही. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये राज्यवर्धनसिंह राठोड यांनी डबल ट्रॅपमध्ये रौप्य मिळवलं, त्यात तर दोन क्ले एकदम सुटायचे आणि दोन्ही नळ्या लागोपाठ उडायच्या.

मग बोटं लाल का? बहुतेक तिची बोटं लाकडाच्या वरच्या कडेवरून नळीवर चढत असतील. मुलींचा हात लहान असतो, तयार बंदुकीचं लाकूड मोठ्या हाताच्या मापाचं, ती पकड मिळवायला बोटं वर सरकवते. रिकाम्या बंदुकीने तिला खांद्याला लावायला सांगा आणि बाजूने बघा, टोकं नळीला टेकतायत का. टेकत असतील तर तिच्या कोचशी बोला, हात जरा खाली आणि आरामात ठेवायला शिकवतील, किंवा लाकूड थोडं बारीक करून घ्यायचा विचार करता येईल. पातळ पूर्ण बोटांचा ग्लोव्ह घालायला काहीच हरकत नाही, पण आधी घट्ट आवळून धरायची सवय आहे का तेही बघा. लाली भाजल्याची असते तशी आवळून धरल्याचीही असते, आणि आवळून धरणारा नेमबाज क्लेच्या मागे राहतो.

आपल्याकडे नेमबाजी म्हटलं की रायफल डोळ्यासमोर येते, आणि ते साहजिक आहे, पुण्यातल्या बालेवाडीच्या रेंजचं नाव आहे, २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं. पण पॉइंट टू टू रायफलच्या काडतुसात दारू चिमूटभर, बारांमध्ये वेळ जातो आणि हात स्टॉकवर, तिथे नळी तापून हात भाजणं हा विषयच येत नाही. म्हणून रायफलवाल्या पालकांचा सल्ला या बाबतीत उपयोगाचा नाही, शॉटगनच्या कोचलाच विचारा.

प्रश्न: माझ्या दुनळीला चामड्याचा हँडगार्ड आहे, कायम बसवलेलाच असतो. यंदा दिवाळीला साफ करायला काढला तर खाली नळीवर लालसर डागच डाग. गन ऑइल नियमित लावतो. एक जण म्हणतो नळ्या पुन्हा ब्लूइंगला टाका, दोन दिवसांत नव्यासारख्या होतील. टाकू का?
एक वाचक, पाषाण

उत्तर: थांबा, टाकू नका. आधी डाग कशाने पडले ते. चामडं ओलावा धरून ठेवतं, कमावताना वापरलेले क्षार आणि आम्ल त्यात थोडेफार उरलेले असतात, वर तुमच्या हाताचा घाम. जून ते सप्टेंबर पुण्याची हवा दमट, गार्ड नळीला चिकटून बसलेला, खाली हवा नाही. तेल तुम्ही बाहेरून लावत होतात, गार्डखाली ते पोचतच नव्हतं. याच कारणाने बंदूक चामड्याच्या केसमध्ये महिनोन्‌महिने ठेवू नये असं सांगतात. गार्ड रेंजवर चढवायचा आणि रेंजवरून निघताना काढायचा, वेगळा कापडी पिशवीत ठेवायचा, नळ्या पूर्ण गार झाल्या की पुसून हलका तेलाचा हात द्यायचा. पावसाळ्यात कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या मध्ये मध्ये वाळवा.

आताचे डाग वरवरचे असतील तर भरपूर तेल लावून रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी मऊ कापडाने चोळा, हट्टी जागी अगदी बारीक स्टील वूल तेलात बुडवून, हलक्या हाताने. नखाला खड्डा लागत असेल तर स्वतः घासत बसू नका, गनस्मिथला दाखवा.

ब्लूइंगचं असं आहे की दोन दिवसांत होणारं काम म्हणजे बहुतेक गरम ब्लूइंग, त्यात नळ्या कॉस्टिकच्या उकळत्या द्रावणात बुडवतात, तापमान १४० अंशांच्या आसपास असतं. एका नळीच्या बंदुकीला, रायफलला ते चालतं. मऊ सोल्डरने जोडलेल्या दुनळीला ते चालत नाही, कॉस्टिक त्या सोल्डरलाच खातो, रिब सुटतात, आणि फटीत शिरलेला क्षार नंतर वर्षभर आतून गंज काढत राहतो. दुनळीसाठी रस्ट ब्लूइंग असतं, गंज हळूहळू चढवायचा, उकळत्या पाण्यातून काढायचा, खरवडायचा, परत चढवायचा, असं बऱ्याचदा. वेळ लागतो, पैसेही जास्त लागतात. काम देण्याआधी कोणत्या पद्धतीने करणार ते स्पष्ट विचारा, आणि उत्तर नीट आलं नाही तर नळ्या घरी घेऊन या. डाग असलेली नळी चालवता येते, रिब सुटलेली नाही.

प्रश्न: नळीला हात लागून तळहातावर फोड आला. घरच्यांनी हळद लावली. बरोबर का?
एक वाचक, हडपसर

उत्तर: नाही. भाजल्या भाजल्या हात नळाच्या गार वाहत्या पाण्याखाली धरायचा, वीस मिनिटं, दोन मिनिटं नाही. अंगठी, घड्याळ लगेच काढायचं, सूज आल्यावर ते निघत नाही. बर्फ लावायचा नाही. हळद, तूप, टूथपेस्ट, शाई काहीही नाही, त्याने उष्णता आत कोंडते आणि डॉक्टरला जखम बघताही येत नाही. फोड फोडू नका, स्वच्छ कोरड्या, न चिकटणाऱ्या ड्रेसिंगने सैल झाका. फोड मोठा असेल, बोटाच्या पेरावर असेल, किंवा तुम्हाला डायबेटिस असेल तर आजच दवाखान्यात जा. जखम पूर्ण भरेपर्यंत रेंजवर जाऊ नका, दुखऱ्या हाताने बंदूक नीट धरता येत नाही.